पाणी कोणाच्या वस्तीत?

जमीन हादरली की माणुसकी धावून येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून मदत आली. त्या करुणेचे मोल कमी नाही. परंतु भूकंपग्रस्ताला जवळ करणाऱ्यावर कोणी बहिष्कार घालीत नाही. गावच जेव्हा आपल्यातील दुबळ्यांवर चालून जाते, तेव्हा करुणेची खरी परीक्षा होते.

ती परीक्षा मराठवाड्याने १९७८ साली दिली आणि तीत तो नापास झाला. २७ जुलै रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. पुरोगामी म्हणविणारे अनेकजण तेव्हा नामांतराच्या विरोधात उभे होते. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ चा दिवस उजाडावा लागला. हा केवळ इतिहासही नव्हे. जून २०२३ मध्ये नांदेडजवळील बोंढार हवेली येथे एका दलित तरुणाचा खून झाला. आंबेडकर जयंती साजरी केल्याच्या रागातून तो झाल्याचा आरोप आहे.

अशा भूमीत धर्मश्रद्धेचे मोजमाप देवळाच्या कळसावरून किंवा चर्चच्या मनोऱ्यावरून होऊ शकत नाही. ती कोणाच्या बाजूने उभी राहिली, एवढाच प्रश्न विचारावा लागतो. या प्रश्नाचे एक खणखणीत उत्तर मराठवाड्याच्या वेशीवर, जामखेडला मिळते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. निरक्षर, बहुतांशी दलित व उपेक्षित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. ज्यांची सावली टाळली जात होती, त्यांच्याच हाती सवर्णांच्या घरची बाळंतपणे सोपविली. कुष्ठरोग्यांना वेगळे न काढता इतर रुग्णांबरोबर उपचार दिले. दुष्काळात हातपंप बसविण्याची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत बसतील, अशी व्यवस्था त्यांनी केली. ज्यांना विहिरीवर चढू दिले जात नव्हते, त्यांच्या दारी सारा गाव घागरी घेऊन आला. बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळही त्याच काळातली. एकाची प्रेरणा समाजवादाची, दुसऱ्याची येशूची. पाणी मात्र एकच होते.

शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने दिलेले उत्तर आरोळे दांपत्याने शब्दशः घेतले. जखमी वाटसरूला पुजाऱ्याने टाळले, तुच्छ मानल्या गेलेल्या शोमरोन्याने उचलले. या श्रद्धेने सेवेला धर्मांतराची अट घातली नाही. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला. परंतु त्याहून मोठा सन्मान गावोगावच्या त्या स्त्रियांच्या ताठ मानेत आहे.

ही परंपरा सत्तेलाही भ्याली नाही. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची होणारी हेळसांड पंडिता रमाबाईंनी जाहीर पत्राने उघड केली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून भीड धरली नाही. झारखंडमधील आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी झटणारे जेझुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० मध्ये यूएपीएखाली पकडले गेले. कंपवाताने हात थरथरत असताना पाणी पिण्यासाठी लागणाऱ्या नळीच्या पेल्याकरिता त्यांना न्यायालयात जावे लागले. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला.

चर्च निष्कलंक आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्याने वसाहतवादाची सावली भोगली, आणि जात त्याच्या उंबरठ्याबाहेर राहिली नाही. म्हणूनच दलित ख्रिस्तींचा प्रश्न अधिक बोचतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील अनुसूचित जातींच्या व्याख्येत १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले; ख्रिस्ती व मुस्लिम दलित आजही बाहेर आहेत. धर्म बदलल्याने गावाने त्यांना वेशीच्या आत घेतले नाही, मग कायद्याने संरक्षण का काढून घ्यावे? ही मागणी समाजवाद्यांनी आपली मानली पाहिजे.

निधर्मी असणे म्हणजे श्रद्धावंतांकडे पाठ फिरविणे नव्हे. नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांनी बौद्ध विहार, मशीद, चर्च आणि वारकरी फड यांतील न्यायप्रिय माणसांशी आजच नाते जोडावे. वस्तीवर दगड पडू लागल्यावर निवेदन लिहिण्यापेक्षा, दगड उचलणाऱ्या हातापूर्वी तेथे पोहोचणे हेच पक्षाचे काम होय. दुबळ्याच्या दारात उभे राहणाऱ्याचा धर्म कोणता, हे विचारण्याची गरज नाही. आपण तेथे आहोत की नाही, एवढे मात्र प्रत्येक शाखेने स्वतःला विचारावे.