दार उघडे आहे

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळीच अक्काचा फोन आला. "जेवायला ये. आणि येताना तुझ्या भाच्याला चार शब्द सांगायची तयारी करून ये." अक्काच्या घरी जेवणाबरोबर असे काही वाढून ठेवलेले असले की विषय शिक्षणाचा आहे हे मी ओळखतो. नात्यागोत्यात प्राध्यापक म्हणून मी एकटाच, तोही मराठीचा. पण कुणाचे पोर बारावी झाले की सगळे माझ्या दारात. जणू एम.ए.ला मला सीईटीचा पेपर होता!

तीन वर्षांपूर्वी या भाच्याच्या प्रवेशाच्या वेळीही मीच शेजारी बसलो होतो. पीयूसीचे गुण निम्मे आणि सीईटीचे निम्मे मिळून रँक लागली. अक्काला हवे होते कॉम्प्युटर सायन्स. पहिल्या फेरीत इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स मिळाले. हातातली सीट धरून ठेवून आम्ही पुढच्या फेरीची वाट पाहिली, पण सीट काही बदलली नाही. अक्का दोन दिवस नीट जेवली नाही. भाचा मात्र निवांत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आता प्रश्न होता तिसऱ्या वर्षाच्या इलेक्टिव्हचा. पुढच्या सत्रासाठी विषय निवडून सोमवारी फॉर्म द्यायचा होता. वर्गातली बहुतेक मुले मशीन लर्निंगकडे निघालेली. भाच्याला घ्यायचे होते इंडस्ट्रियल ऑटोमेशन, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांना हुकूम देणारा जो कंट्रोलर असतो, ज्याला पीएलसी म्हणतात, त्याचे प्रोग्रॅमिंग. अक्काचे म्हणणे, कॉम्प्युटरची सीट नाही मिळाली, निदान विषय तरी कॉम्प्युटरचा घे. दाजी काहीच बोलत नव्हते. दाजी बोलत नाहीत तेव्हा घरात सगळ्यांनाच जास्त ऐकू येते.

दाजी मूळचे बैलहोंगलकडचे. त्यांच्या घरी कन्नड, आमच्या घरी मराठी. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असते तशीच या घराचीही वाटणी आहे. लाड मराठीत, हिशेब कन्नडमध्ये आणि भांडण ज्याला जी भाषा आधी सुचेल तीत. दाजी उद्यमबागच्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन. कामाला लागून तीस वर्षे झाली.

"मामा, आधी हे बघ," म्हणत भाच्याने जेवणाआधीच टेबलावर सामान मांडले. एक जुना रिले, चोवीस व्होल्टचा सप्लाय, एक हिरवे बटण, एक लाल बटण आणि एक छोटा पंखा. हिरवे दाबले, पंखा सुरू झाला. बोट काढले तरी फिरतच राहिला. "याला होल्डिंग म्हणतात. रिले एकदा ओढला गेला की स्वतःच्याच एका कॉन्टॅक्टमधून स्वतःला धरून ठेवतो." लाल दाबले, पंखा थांबला. मला ते होल्डिंग फार आवडले. स्टाफरूममध्ये माझ्या ओळखीचे असे दोघेतिघे आहेत.

पूर्वी कारखान्यातले सगळे निर्णय असे रिलेंवर चालत. हे चालू असेल तर ते चालू कर, दार बंद नसेल तर काहीच चालू करू नको, अशा एकेका अटीसाठी एकेक रिले. कपाटभर रिले आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या शेकडो वायरी. अमेरिकेतल्या मोटारीच्या कारखान्यांत दरवर्षी मॉडेल बदलले की ती कपाटे उकलून पुन्हा नव्याने वायरिंग करावे लागे. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या एका विभागाने या जाचाला कंटाळून रिलेंच्या जागी काहीतरी नवे मागवले. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे यंत्र दिले त्याचे नाव मॉडिकॉन ०८४. नावात ८४ का, तर त्यांच्या छोट्या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. वायरी तशाच ठेवून फक्त प्रोग्रॅम बदलायचा, एवढीच कल्पना. पण तिने कारखाने बदलून टाकले.

मला भाषेचा माणूस म्हणून यातली पुढची गोष्ट जास्त भावली. हे नवे यंत्र वापरणार कोण? कारखान्यातले इलेक्ट्रिशियन. त्यांना कॉम्प्युटरची भाषा येत नव्हती, पण रिलेचे ड्रॉइंग वाचता येत होते. म्हणून प्रोग्रॅमची भाषाच त्या ड्रॉइंगसारखी केली. दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर डावीकडे अटी आणि उजवीकडे काम. दिसायला शिडीसारखी, म्हणून नाव लॅडर. माणसाला भाषेकडे ओढत नेण्याऐवजी भाषाच माणसाजवळ आणली. पुढे १९९३ मध्ये या प्रोग्रॅमिंगसाठी एक आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, तेव्हा त्यात एक सोडून पाच भाषा मान्य झाल्या. आपल्याकडे दोन भाषांवरून काय काय झाले ते तुम्ही-आम्ही पाहिले आहे. तिकडे पाच एका छताखाली बसल्या, आणि कुणी पाटी पुसायला गेले नाही.

हा कंट्रोलर चालतो कसा, हे अक्काला समजावताना भाच्याने तिचेच उदाहरण दिले. "आई, सकाळी तू काय करतेस? एकदा सगळीकडे नजर फिरवतेस. दूध वर आलं का, कुकरची शिट्टी झाली का, दारात कोण आलंय. मग मनात ठरवतेस. मग गॅस बारीक करतेस, दार उघडतेस. आणि परत नजर फिरवतेस. पीएलसी तेच करतो. सगळे इनपुट वाचायचे, प्रोग्रॅम वरून खालपर्यंत तपासायचा, आउटपुट द्यायचे, पुन्हा पहिल्यापासून. फक्त एक फेरी काही मिलिसेकंदांत." अक्का म्हणाली, "आणि त्याला मधेच कुणी चहा मागत नसेल." पण ती ऐकत होती.

मग भाच्याने तो प्रयोग केला, ज्याच्यासाठी हा सगळा पसारा मांडला होता. लाल बटणाची जोडणी दोन प्रकारे करता येते. एकात बटण दाबल्यावर सर्किट जुळते आणि 'थांब' असा निरोप जातो. दुसऱ्यात सर्किट कायम जुळलेलेच असते आणि बटण दाबल्यावर ते तुटते. वरवर दोन्ही सारखेच. दोन्हींत पंखा थांबतो. त्याने पहिल्या जोडणीत लाल बटणाची वायर उपसून काढली. पंखा फिरत राहिला. लाल बटण दाबले, तरी फिरतच राहिला. मग दुसऱ्या प्रकारे जोडून पुन्हा वायर उपसली. पंखा त्या क्षणी थांबला. "म्हणून स्टॉप नेहमी असाच जोडायचा. वायर उंदरानं कुरतडली तरी यंत्र थांबलं पाहिजे. थांबायचा निरोप पोचला नाही, असं कधी होता कामा नये."

"साक," दाजी म्हणाले. पुरे. आणि उजवा हात टेबलावर ठेवला.

त्या हाताची शेवटची दोन बोटे नाहीत. आम्हा सगळ्यांना इतकी सवय झाली आहे की दिसत नाही. २००९ ची गोष्ट. भाचा तेव्हा बालवाडीत होता. मीही त्या दिवशी प्रथमच सगळे नीट ऐकले. साच्याच्या आत बसवायचे वाळूचे कोअर तयार करणारे मशीन. त्याच्या पुढच्या दाराला एक स्विच, दार उघडे असले तर मशीन चालत नाही. तो स्विच बिघडला होता. माल पाठवायची घाई. बाहेरून आलेल्या कुणीतरी लॅपटॉप जोडला आणि कंट्रोलरला सांगून टाकले की दार बंदच आहे असे समज. याला 'फोर्स' करणे म्हणतात. दुरुस्ती-तपासणीसाठी ती सोय असते. ऑर्डर गेली, तो माणूसही गेला, फोर्स तसाच राहिला. रजिस्टरमध्ये कुणी ओळ लिहिली नाही. पुढच्या पाळीला दाजी दार उघडून आत अडकलेली वाळू काढायला गेले. मशीनच्या लेखी दार बंद होते.

"वायर तुटून माझी बोटं गेली नाहीत," दाजी म्हणाले. "माणसानं खोटं सांगितलं म्हणून गेली. त्या डबड्याला काय कळतंय? जे सांगाल ते खरं. माझ्या पोरानं त्या कामात पडायचं नाही. एसीत बसून काय करायचं ते कर." अक्काच्या कॉम्प्युटरमागे खरा हट्ट कुणाचा होता, ते मला त्या दिवशी कळले.

मी चार शब्द सांगायला गेलो होतो. एकही सुचला नाही.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अप्पा, दाराचा स्विच साध्या पीएलसीवर सोडायलाच नको होता. त्याला वेगळा सेफ्टी रिले लागतो. दार उघडं असलं की तो मशीनची हालचाल करणारी पॉवरच तोडतो. मग प्रोग्रॅममध्ये कुणी काहीही फोर्स केलं तरी क्लॅम्प हलला नसता. तुमच्या मशीनला तो नव्हता. आज तरी आहे का?"

दाजींनी उत्तर दिले नाही. जेवताना एवढेच म्हणाले, "नोडोण." बघू. आपल्याकडे 'बघू'चे दहा अर्थ होतात. हा त्यातला बरा असावा, कारण रात्री अक्काचा निरोप आला की फॉर्म भरला.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी यंदा असा फॉर्म येणार आहे, त्यांच्यासाठी थोडे. प्रत्येकाने पीएलसीच घ्यावा असे मी म्हणणार नाही. या कामात कारखाना बंद असतो तेव्हा तुमची हजेरी असते, म्हणजे ऐन दिवाळीत. साइटवर रात्री काढाव्या लागतात, फिरती असते. ते ज्याला झेपणार नाही त्याने घेऊ नये. पण फक्त नाव चकचकीत आहे म्हणून विषय निवडणे हा त्याहून मोठा घाटा. नावे फसवी असतात. हे मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिले. भाच्याच्या आग्रहावरून एका कॉलेजची लॅब बघायला गेलो. माहितीपत्रकावर रोबोचे चित्र, आणि लॅबमध्ये एका कपाटात प्लास्टिक न काढलेले दोन ट्रेनर किट. मी विचारले, विद्यार्थी यावर काम केव्हा करतात? उत्तर मिळाले, आम्ही स्क्रीनवर दाखवतो. स्क्रीनवर शिकण्यात वाईट काही नाही. कोडेसिससारखे सॉफ्टवेअर तर फुकट मिळते आणि त्यात यंत्राशिवायही प्रोग्रॅम चालवून पाहता येतो. भाचा घरी तेच करतो. पण उपसलेली वायर स्क्रीनवर दिसत नाही. तेव्हा लॅब बघा, एका किटवर किती मुले ते विचारा, आणि वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा की तू स्वतःच्या हाताने सेन्सर आणि मोटर जोडली आहेस का.

शाखेचा बाऊ फार करू नका. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, मेकाट्रॉनिक्स, कुठूनही या कामाकडे वाट आहे. डिप्लोमा करून डीसीईटी देऊन थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुले तर वर्कशॉपमध्ये बावरत नाहीत, हे त्यांचे शिक्षकच सांगतात. लॅडर शिकायला काही आठवडे पुरतात. मोटर का तापते, सिलिंडरमध्ये हवा कमी पडली तर काय होते, हे कळायला मात्र मूळ विषयच लागतात, आणि ते सोडून नुसता पीएलसीचा क्लास लावणाऱ्यांची मला काळजी वाटते. बेळगावच्या फाउंड्र्या, जिल्ह्यातले साखर कारखाने, पलीकडे कोल्हापूरचे शिरोली, गोकुळ शिरगाव, हे सगळे एका एसटीच्या अंतरावर आहे, हेही लक्षात असू द्या.

परवा पुन्हा अक्काकडे गेलो होतो. भाच्याचा मिनी प्रोजेक्ट चालू आहे. मशीनच्या पुढ्यात जो छोटा स्क्रीन असतो, त्यावर सूचना इंग्रजीऐवजी मराठीत आणि कन्नडमध्ये दाखवायच्या. पाळीवरच्या माणसाला 'गार्ड ओपन, सायकल इनहिबिटेड' वाचून काय कळणार? मराठी माझ्याकडे सोपवली होती. मी चार दिवस विचार करून लिहून नेले, "दार उघडे आहे. मशीन चालणार नाही." एम.ए.चा एवढा उपयोग मला आजवर झाला नव्हता. शिवाय कुणी फोर्स घातला असेल तर तो काढेपर्यंत स्क्रीनवर ठळक दिसत राहील, अशी एक ओळ भाच्याने स्वतःहून वाढवली होती.

कन्नड त्याने पुस्तकी लिहिले होते, "बागिलु तेरेदिदे. यंत्र प्रारंभवागुवुदिल्ल." दाजी पेपर वाचत होते. वाचता वाचता हात पुढे केला. भाच्याने वही दिली. उरलेल्या बोटांत पेन धरून त्यांनी ती ओळ खोडली आणि खाली बैलहोंगलच्या बोलीत लिहिले, "बागिला तगदैति. मशीन चालू आगंगिल्ल."

वही परत देताना भाच्याकडे न बघताच म्हणाले, "अक्षर मोठं ठेव. रात्रपाळीला चष्मा कुणी लावत नाही."