पासआऊट झालो म्हणजे नेमकं काय झालो?

आमच्या विंगमध्ये एक 'चक्कर' आहे. खरं नाव वेगळं, पण आता मेसवाले काकासुद्धा त्याला चक्करच म्हणतात. झालं असं की, परदेशातल्या एका कंपनीच्या फोन इंटरव्ह्यूत तो म्हणाला, 'आय विल पास आऊट इन जून.' पलीकडची बाई क्षणभर गप्प, मग हसली. फोन स्पीकरवर, अख्खी विंग ऐकतेय. लगेच डिक्शनरी उघडली, तर पास आऊट म्हणजे शुद्ध हरपणे! गडी जूनमध्ये चक्कर येऊन पडणार, हे आधीच जाहीर करून मोकळा!

त्या दिवसापासून पठ्ठ्या इंग्रजीत तोंडच उघडत नाही. दहावीपर्यंत मराठी मीडियम, एम-थ्रीमध्ये आमचा सगळ्यांचा बाप, पण जीडीत मुका. चिडवणाऱ्यांत मीही होतो, म्हणून हा लेख.

मित्रांनो, आम्ही डिक्शनरीतली पहिलीच ओळ वाचली होती. खाली दुसरा अर्थही आहे : लष्करी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे. तोही चांगला अस्सल ब्रिटिश. खडकवासल्याच्या एनडीएत वर्षातून दोनदा पासिंग आऊट परेड होते. ३० मे २०२५ ला तिथून मुलींची पहिली बॅच बाहेर पडली, १७ जणी. तेव्हा 'यांना चक्कर आली का?' असं कुणी विचारलं नाही. परेड संपताना कॅडेट 'अंतिम पग' टाकतात, म्हणजे शेवटचं पाऊल. गंमत म्हणजे 'पास' हा शब्दही पाऊल या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आलाय. आणि आपला 'उत्तीर्ण' तरी काय? तरून पार गेलेला. मग पोरगा चार वर्षं तरून कॉलेजबाहेर पाऊल टाकतोय, तर त्यात एवढं फिदीफिदी हसण्यासारखं काय होतं?

एक मात्र खरं. अमेरिकेत पास आऊट म्हटलं की माणूस आडवा झालेला, बहुतेक वेळा पिऊन. तेव्हा बाहेरच्या इंटरव्ह्यूत आणि एसओपीत सरळ 'ग्रॅज्युएट' म्हणावं. पुण्या-मुंबईत 'कितीचा पासआऊट?' असं एचआरवालाच विचारतो, तिथे उगाच जीभ चावू नये.

परवा प्लेसमेंटचा फॉर्म आला. त्यात कॉलम होता, 'इयर ऑफ पासिंग आऊट'. सगळ्या विंगने तो न हसता भरला. चक्करनेसुद्धा.