माझा पहिला रोलर कोस्टर

या सुट्टीत मी शाहपुऱ्यातल्या आमच्या घरी बसून रोलर कोस्टर बांधला. कॉम्प्युटरवर, 'नोलिमिट्स २' या सॉफ्टवेअरमध्ये!

खोपोलीच्या इमॅजिकातल्या 'नायट्रो'त बसल्यापासून डोक्यात तेच होतं. त्याची उंची सुमारे ४० मीटर, म्हणून माझा पहिला चढही तेवढाच. पुढे कंपासने काढल्यासारखा गोल लूप, १४ मीटर त्रिज्येचा. गाडी पार झाली, मी टाळी वाजवली.

आजोबा मागे उभे होते. आयुष्य भेलमध्ये गेलेलं, त्यांची नजर थेट जी-फोर्सच्या आकड्यावर. "सहाच्या वर? म्हणजे साठ किलोच्या माणसाला क्षणभर तीनशे साठ किलोंहून जास्त भार. यात बसणार कोण?"

माणूस बसणार, हे मी विसरलोच होतो. लूपच्या तळाशी वेग सर्वांत जास्त, तिथे वळण ऐसपैस हवं. वर वेग कमी, तिथे घट्ट चालतं. म्हणून लूप गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा असतो. जर्मन इंजिनिअर वेर्नर श्टेंगेल यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या 'रिव्होल्यूशन'साठी असाच लूप आखला.

चार दिवस खपून मीही थेंब जमवला. आजोबांना पेसमेकर आहे, खऱ्या कोस्टरला डॉक्टरांची मनाई. म्हणून पहिले प्रवासी तेच. खुर्चीचे हात घट्ट धरून त्यांनी पडद्यावर पूर्ण फेरी मारली. मग चष्मा पुसत म्हणाले, "छान! पण ब्रेक कुठे आहेत रे?"

ब्रेक बसवायचे राहिलेच होते.