रबरी चेंडू आणि वाटाण्याचं रोप

शुक्रवारी दुपारी ऑफिसात प्रत्येकाच्या हातात एकेक रबरी चेंडू ठेवण्यात आला. पिवळाधमक, वर हसरा चेहरा. दाबा, सोडा, परत दाबा. "बघा, कितीही दाबलं तरी तो आपल्या मूळ आकारात येतो की नाही? आपणही असंच व्हायचं!" इति ट्रेनर बाई. विषय होता 'रेझिलियन्स आणि क्रिएटिव्हिटी'. वेळ दोन तास, हजेरी सक्तीची.

त्याच रात्री आमचं रिलीज होतं. हे गेलेले दोन तास कुठून भरून काढायचे ते चेंडूने सांगितलं नाही. आम्ही ते झोपेतून काढले.

हे सगळं हसून सोडून दिलं असतं. पण माझ्या शेजारी बसणारा एक मित्र आहे. कॉलेजात असताना उत्तम तबला वाजवायचा. आता वर्ष होऊन गेलं, तबल्याची गवसणीसुद्धा निघालेली नाही. मागच्या महिन्यात तो ऑफिसच्या जिन्यात एकटाच बसून रडताना मला सापडला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "काही नाही रे. बाकीचे सगळे करतायत ना? मीच कमी पडतोय. माझ्यात रेझिलियन्सच नाही."

माझं डोकं फिरलं ते या वाक्याने. तीन महिने रात्री-अपरात्री फोन घेणारा माणूस, दोन माणसांचं काम एकटा करणारा माणूस, आणि निष्कर्ष काय? तर मीच कमी. हा निष्कर्ष त्याच्या डोक्यात आपोआप उगवलेला नाही. तो पेरला गेला आहे, आणि हे चेंडू म्हणजे त्याचंच बियाणं.

तर मुद्दा असा. मनाचा कणखरपणा आणि सर्जनशीलता या गोष्टी माणसाच्या डोक्यात बटणासारख्या बसवलेल्या असतात, आणि योग्य माणसाने दोन तासांत ते बटण दाबलं की काम झालं, ही कल्पनाच मुळात खोटी आहे. नुसती खोटी असती तरी चाललं असतं, पण ती सोयीची आहे. कोणाच्या सोयीची ते सांगायला नकोच.

आपण इंजिनियर लोक. आपला सर्व्हर लोडमुळे आडवा झाला तर आपण काय करतो? लॉग बघतो. लोड कुठून आला ते शोधतो. लोड कमी करतो, नाहीतर जोडीला दुसरं मशीन देतो. 'सर्व्हरची वृत्ती सकारात्मक नाही' असं आरसीएमध्ये लिहिणाऱ्याला आपण वेड्यात काढू. मग माणूस आडवा झाला की हीच सगळी अक्कल कुठे गहाण पडते?

आणि हे माझंच म्हणणं आहे असंही नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या नव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची व्याख्या दिली. तो आजार नाही, कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने होणारी ती गोष्ट आहे, असं स्पष्ट म्हटलं. कामाच्या ठिकाणचा ताण! पण इकडे २०२३ मध्ये नारायण मूर्ती तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगतात, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीचे अध्यक्ष ९० तासांपर्यंत जातात, आणि त्यावर उतारा म्हणून आमच्या हातात रबरी चेंडू येतो. वा!

असो. शनिवारी सकाळी मी पांडवलेणीला गेलो. नाशिककरांना सांगायला नको, तो डोंगर चढून लेण्यांपाशी पाच मिनिटं बसलं की डोकं जरा ठिकाणावर येतं. उतरताना पायथ्याशी फाळके स्मारक दिसतं. लहानपणापासून शंभर वेळा पाहिलेलं. यावेळी मात्र थबकलो, कारण शुक्रवारच्या स्लाईड्समध्ये दादासाहेब फाळकेही होते! 'स्वप्न बघा, संकटांना हसत सामोरे जा', शेजारी दादासाहेबांचा फोटो.

आता हा आमच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेला माणूस. त्याचं आयुष्य स्लाईडवर मावतं का ते जरा बघू.

फाळके गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा करत होते. १९०० च्या सुमारास प्लेगात बायको आणि मूल गेलं. गोध्रा सुटलं. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग ती सोडून छापखाना, मग भागीदारांशी भांडण आणि तेही संपलं. वय चाळीस. १९११ मध्ये मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि झपाटले. रात्र-रात्र प्रयोग, झोप नाही, डोळ्यांवर इतका ताण की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले.

आता यात हसत सामोरं जाणं कुठे आहे? डोळे जाईपर्यंत जागणं हा आदर्श नाही, तो अपघात आहे. आपण त्यातून शिकायचंच असेल तर झोपायला शिकावं. आणि मुख्य म्हणजे, हा माणूस 'मूळ आकारात' कधीच आला नाही. प्लेगनंतरचा फाळके हा प्लेगच्या आधीचा फाळके नव्हता. छापखान्यानंतरचा तर आणखीच निराळा. पुढे १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, तिथेही भागीदारांशी पटेना, तेव्हा सगळं सोडून ते काशीला गेले. तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं आणि मग परत आले. याला लवचिकपणा म्हणायचं तर म्हणा. पण चेंडूचा लवचिकपणा हा नव्हे. दाबलं गेलं की माणूस बदलतो, कधीकधी चक्क उठून निघून जातो. जसाच्या तसा आकार परत मिळवून सोमवारी जागेवर हजर होणं ही गरज चेंडू दाबणाऱ्याची असते, चेंडूची नव्हे.

स्लाईडवर न आलेल्या अजून दोन गोष्टी आहेत, आणि माझ्या मते खरा माल तिथेच आहे.

पहिली, वाटाण्याचं रोप. कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी लगेच महान पौराणिक चित्रपट वगैरे काढला नाही. पैसेच नव्हते. त्यांनी एका कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडंथोडं चित्रण करत महिनाभर ते रोप टिपलं. पडद्यावर ते रोप मिनिटभरात बी फुटून वर आलं. 'अंकुराची वाढ'. हे बघून पैसे लावायला माणूस तयार झाला. म्हणजे भारतीय सिनेमाच्या मुळाशी काय आहे? प्रेरणेचा झटका तर होताच. पण त्याच्या खाली आहे घरातली एक कुंडी आणि रोज तेच छोटं काम करायची सवय. ढग आले असतील, घरात कटकट झाली असेल, मन लागलं नसेल, तरी आजची फ्रेम आज. सर्जनशीलता 'अनलॉक' होत नाही हो. ती उगवते, आणि तिला रोज पाणी घालायला वेळ लागतो. तो वेळ दिवसातून अर्धा तास असला तरी पुरतो, पण तो आपला लागतो. रात्री अकराला येणाऱ्या 'क्विक कॉल'च्या मालकीचा असून चालत नाही.

दुसरी गोष्ट, सरस्वतीबाई. फाळक्यांची दुसरी पत्नी. 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांचे दागिने गेले, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या सगळ्या कंपनीचा स्वयंपाक करत होत्या. चित्रीकरणात प्रकाश परतवायला पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत होत्या. रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात चित्रपट लागला आणि नाव झालं दादासाहेबांचं. १९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार देतात. चादर धरणाऱ्या बाईच्या नावाचा असा मोठा पुरस्कार माझ्या तरी ऐकण्यात नाही.

म्हणून 'फाळक्यांचा कणखरपणा' असं कोणी म्हटलं की मी विचारतो, कोणाचा? तो एका माणसाच्या छातीत नव्हताच. तो घरभर पसरलेला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर रिडंडन्सी होती! एक नोड पडला तरी सिस्टिम चालू राहत होती, कारण दुसरा नोड उन्हात चादर धरून उभा होता. (आणि त्या दुसऱ्या नोडची चादर कोण धरत होतं, हा प्रश्न आपण शंभर वर्षं विचारलेला नाही. आपल्या घरी आज रात्री विचारून बघा.)

आता मला ठाऊक आहे, कोणीतरी म्हणणार, "म्हणजे सगळं कंपनीवर ढकलायचं? माणसाच्या विचारांना काहीच किंमत नाही?"

आहे ना. भरपूर आहे. पण निरोगी विचार आणि गुलाबी विचार यांत फरक आहे. अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, ती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी आणली, ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी मराठी घराघरात पोचवली. एलिस कुठेही 'सगळं छान आहे असं समजा' म्हणत नाही. तो म्हणतो, घटना वेगळी, तिच्याबद्दलची तुमची समजूत वेगळी, आणि त्रासाचा मोठा भाग त्या समजुतीतल्या 'च'मुळे होतो. 'मला प्रमोशन मिळालंच पाहिजे.' 'मी कधी चुकताच कामा नये.' हा 'च' काढा. 'मिळालं तर फार बरं, नाही मिळालं तर वाईट वाटेल, पण जगबुडी होणार नाही.' झालं. यात वाईट वाटायला पूर्ण परवानगी आहे! दुःख करा, चिडा, पण स्वतःला नालायक ठरवू नका.

आणि हीच पट्टी माझ्या मित्राच्या वाक्याला लावा. 'मीच कमी पडतोय' हा विवेकी विचार आहे का? पुरावा काय? पुरावा उलटा आहे. वर्कशॉपने त्याला हा विचार तपासायला शिकवायला हवं होतं, तिने तो घट्ट केला. डोक्यातला हा गोंगाट कमी झाला की माणसाला समोरची घटना नीट दिसते, आणि मग ती बदलायला तो हातपाय हलवतो. समजूत बदलणं हे परिस्थिती बदलण्याऐवजी नाही, ते तिच्या आधी करायचं काम आहे. एचआरच्या स्लाईडमध्ये नेमका हा दुसरा अर्धा भाग गळतो.

मग करायचं काय? उपदेश करायला मी कोणी मोठा नाही, पण नुसतं ठणाणा करून थांबणंही बरं नाही.

एक, रोजची फ्रेम. काहीही, हाताने करायचं. चित्र, पोळी, पेटी, बागकाम. चांगलं यायची अट नको, कुठे टाकायची गरज नको, लाईक मोजायचे नाहीत.

दोन, माणसं. आपल्या गावात यासाठी नवीन काही काढायची गरज नाही. १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय आहे, आपली 'सावाना'. मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असते. ज्ञानपीठ मिळालेले कुसुमाग्रजसुद्धा या गावात नुसते घरात बसून कविता करत नव्हते, १९५० मध्ये त्यांनी लोकहितवादी मंडळ उभं केलं होतं. एकट्याने कणखर होण्याची फॅशन त्यांच्या पिढीत नव्हती. जा, बसा, चार लोकांशी भांडा, चहा प्या.

तीन, आणि हे सगळ्यात अवघड, मागायला शिका. पुढच्या वर्कशॉपला हात वर करून विचारा, की या महिन्यात ऑन-कॉल कोण कोण वाटून घेणार आहे? एकट्याने विचाराल तर 'निगेटिव्ह' ठराल. पाच जणांनी विचारा. आणि कोणी खरंच खचला असेल, रात्री झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मित्राच्या गप्पांवर भागवू नका, डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, फोन फुकट लागतो.

शनिवारी पांडवलेणीवरून उतरून मी सरळ त्या मित्राच्या घरी गेलो. उपदेश केला नाही. म्हटलं, सोमवारपासून तुझे दोन दिवसांचे रात्रीचे फोन माझ्याकडे दे, उरलेल्यांचं आपण दोघं मिळून टीम लीडशी बोलू. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याच्या आईने पोहे आणले, आणि खाता खाता तो म्हणाला, तबल्याची शाई उडाली असेल रे, दाखवायला न्यायला हवा.

तबला पुढच्या शनिवारी न्यायचा ठरला आहे. टीम लीड काय म्हणतो ते सोमवारी कळेल. रबरी चेंडू मी बिल्डिंगमधल्या पोरांना देऊन टाकला. दुसऱ्याच दिवशी फुटला म्हणे.