सगळीच कसर नसते

पोथीत काही वळवळलं की आपण 'कसर लागली' म्हणून मोकळे होतो. संग्रहालयाच्या कोठीत असं चालत नाही, आणि घरातही चालू नये असं माझं मत आहे. जेमतेम १-२ मिलिमीटरचा फिकट किडा असेल, तर तो बहुधा बुरशीवर जगणारा. म्हणजे ओल आहे. केसाळ, पट्ट्यापट्ट्यांची अळी मात्र लोकर, पिसं, संग्रहातले वाळके कीटकसुद्धा फस्त करते. लिनिअसने १७६१ साली अशा एका जातीचं नावच 'म्यूझिओरम' ठेवलं! (तिचा भुंगेरा खातो फुलांतले पराग.)

वडिलांच्या पोथ्यांत मी वर्षानुवर्षं डांबरगोळ्या टाकत राहिलो. ओल भिंतीत होती. दोन पोथ्या गेल्या. उरलेल्या धाकट्या भावाकडे आहेत. बाबा रे, फवारणीवाल्याला बोलावण्याआधी पेटी उघड आणि भिंग लावून बघ.