शहाण्याने वकिलाची पायरी चढावी



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपल्या बापजाद्यांनी सांगून ठेवले. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. दोन हात बांधासाठी दावा लागला, नातू कर्ता झाला तरी तारीख संपली नाही, आणि शेवटी शाळूचे शेत विकून त्याच शेताचा निकाल घरी आणला, अशी घरे माण, खटाव, जत, आटपाडीत आपण सर्वांनी पाहिली आहेत.

पण ही म्हण पाळतो कोण? सावकार पाळत नाही. त्याच्या खरेदीखताचा मसुदा वकील तपासून देतो. बियाणे कंपनीकडे पगारी वकील, सरकारकडे सरकारी वकील. म्हण पाळायची ती फक्त कोरडवाहू शेतकऱ्याने!

शेतकरी वकिलाकडे जात नाही, कारण तो अडाणी आहे, असे शहरातले विद्वान म्हणतात. साफ खोटे. त्याचा हिशेब चोख आहे. तारखेला एसटीचे भाडे, बुडालेला रोज, वर फी. फीला पावती नाही, एकूण किती लागेल ते आधी सांगणे नाही. खर्चाला अंत नाही आणि उत्पन्नाचा भरवसा नाही असा एक धंदा आपण करतोच आहोत, दुसरा कशाला अंगावर घ्यायचा?

चूक हिशेबाची नाही, वेळेची आहे. वकील टाळून आपण तलाठ्याकडे, स्टॅम्पवेंडरकडे, पुढाऱ्याच्या दारात जातो. 'बघू, करू' ऐकण्यात महिने जातात. वापसा गेल्यावर पेरून काय उगवणार? कायद्यालाही वापसा असतो. फेरफाराच्या निर्णयाविरुद्ध प्रांताकडे अपील ६० दिवसांत. वहिवाटीचा रस्ता अडवला, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे ६ महिन्यांत. जमीन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने कालव्यात गेली आणि निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर होता, तर वाढीव मोबदल्याचा अर्ज ६ आठवड्यांत; आणि पैसे उचलताना 'तक्रार राखून घेतले' असे लिहिले नाही, तर तो हक्कही गेला. कापसाचे बी फसवे निघाले, तर ग्राहक आयोगाकडे २ वर्षांत. तोवर पावती, पिशवी आणि टॅग जपा. एवढे सांगायला वकिलाला अर्धा तास पुरतो. हा अर्धा तास म्हणजे कोर्टाची पायरी नव्हे. पुष्कळदा ती पायरी चुकवण्याची वाट तिथूनच निघते.

फी कुठून आणायची? १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून लागू आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्याच कलमात पूर आणि भूकंपाच्या रांगेत दुष्काळाने नाडलेला माणूसही बसवला आहे. जत-माणच्या शेतकऱ्याला हे कोणी सांगितले? तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, १५१०० हा फोन आहे. विचारा, आणि नाही म्हटले तर कारण लेखी मागा.

वकील मंडळींनाही दोन शब्द. कोल्हापूरच्या बेंचसाठी तुम्ही वर्षानुवर्षे लढलात. १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच सुरू झाले, सातारा-सांगलीची मुंबईची खेप वाचली. चांगले झाले. पण आमच्या शिवारापासून तुमच्या टेबलाचे अंतर तसूभर कमी झाले नाही. फीचा दर बोर्डावर लिहा, पावती द्या. वाढीव मोबदल्यात टक्केवारी मागणे तुमच्याच बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. जे मागतात त्यांना तुम्हीच आवरा.

आणि आपले काय? मोर्चाला आपण ट्रॉल्या भरून जातो. घरी आलेली नोटीस मात्र न वाचता आढ्याला खोचतो. पुढच्या बैठकीला प्रत्येक शाखेने गावातल्या नोटिसा गोळा करून आणाव्यात, प्रत्येकीवर शेवटची तारीख ठळक लिहून. मग वीस जण मिळून एका वकिलापुढे बसू, दर ठरवून आणि पावती घेऊन. एकटा गेला की तो गरजू पक्षकार असतो. वीस जण गेले की भाव आपण ठरवतो.