इंजेक्शनच्या आधी चाचणी

रमजानमध्ये आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक आवाहन हमखास फिरतं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, चौथी स्टेज, डॉक्टरांनी ‘टार्गेटेड थेरपी’ सांगितली आहे, खर्च घराच्या आवाक्याबाहेरचा. खाली क्यूआर कोड. लोक देतात, मनापासून देतात. देणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या आवाहनात एक कागद जवळपास कधीच नसतो: ट्यूमरच्या जनुकीय चाचणीचा रिपोर्ट. तो नसेल, तर कोणतं औषध या पेशंटला लागू पडेल आणि कोणतं वाया जाईल, हे ठरवायचं कशावर?

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घर मुलचेऱ्याचं, नोकरी पुण्यात. घरातला ‘रिपोर्ट वाचणारा’ मीच, त्यामुळे हा विषय वाचणं भाग पडलं. वाचून जे मत झालं ते मांडतो.

केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालते. टार्गेटेड औषध पेशीतल्या एका विशिष्ट दुव्यावर बसतं. बेव्हासिझुमॅब ट्यूमरला रक्त पोचवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखतं; त्यासाठी जनुकीय चाचणी लागत नाही. सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही ईजीएफआर नावाचा रिसेप्टर बंद करतात. पण त्या रिसेप्टरच्या पुढे रॅस नावाचं जनुक आहे. त्यात बिघाड असेल, तर वरचं बटण बंद करून खालचा दिवा विझत नाही. पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या पेशंटांत हा बिघाड सापडतो. त्यांना सेटुक्सिमॅब दिलं तर फायदा शून्य. उलट काही केमोसोबत अशी औषधं दिल्यावर तब्येत लवकर ढासळल्याचंही चाचण्यांत दिसलं आहे. सेटुक्सिमॅबला अमेरिकेत 2004 मध्ये मंजुरी मिळाली. ‘आधी चाचणी, मग औषध’ हा नियम तिथल्या लेबलवर यायला 2009 उजाडलं. आज तो नियम जगभर आहे. ट्यूमर आतड्याच्या डाव्या बाजूला आहे की उजव्या, यानेही फरक पडतो.

दुसरी चाचणी एमएमआरची. पेशीतल्या चार दुरुस्ती-प्रथिनांची ही तपासणी त्यातल्या त्यात स्वस्त आहे. पसरलेल्या आजारात शंभरातल्या चार-पाच जणांत ही प्रथिनं निकामी असतात. त्यांच्यासाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती जागं करणारं औषध आहे. एका मोठ्या अभ्यासात केमोवर आजार सरासरी 8.2 महिने आटोक्यात राहिला, पेम्ब्रोलिझुमॅबवर 16.5 महिने. 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. औषध प्रचंड महाग आहे. पण ज्याला ते लागू पडतं त्याला ते कळायलाच नको का? शिवाय हा दोष काही घरांत पिढीजात असतो. म्हणजे बापाच्या रिपोर्टवरून मुलांना वेळेत कोलोनोस्कोपी करून घेता येते.

आता कटू भाग. ‘टार्गेटेड’ म्हणजे रामबाण नव्हे. 2004 च्या अभ्यासात केमोला बेव्हासिझुमॅबची जोड दिल्यावर सरासरी आयुष्य 15.6 महिन्यांवरून 20.3 महिन्यांवर गेलं. सगळे उपाय थकल्यावर देतात त्या रेगोराफेनिबने 5 महिन्यांचे 6.4 महिने केले. चार-पाच महिने म्हणजे एखाद्याला मुलीचा निकाह डोळ्यांनी बघता येणं. त्याला मी क्षुल्लक म्हणणार नाही. पण दीड महिन्यासाठी शेत विकायचं का, हा निर्णय आकडा माहीत असलेल्या घरानेच घ्यावा. तो आकडा डॉक्टरांना विचारायला आपण लाजतो. विचारलं म्हणजे अल्लाहवर भरवसा नाही, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. विचारणं हा पेशंटचा हक्क आहे.

मुलचेऱ्याहून हे सगळं किती लांब आहे ते पाहा. तालुक्यात मराठी, माडिया, तेलुगू आणि दंडकारण्यात वसवलेल्या निर्वासितांची बंगाली बोलली जाते; रिपोर्ट मात्र इंग्रजीत येतो. संडासातून रक्त पडलं की पहिला अंदाज मूळव्याधीचा. मग जडीबुटी, मग मेडिकलमधली ट्यूब, आणि लाज तर आहेच. माझ्या खालूंचे असेच आठ महिने गेले. पुढे मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात बायोप्सी झाली, केमो सुरू झाली, महागड्या इंजेक्शनचं कोटेशनही हातात आलं. रॅसची चाचणी केली का, असं विचारल्यावर उत्तर आलं, “ती बाहेरून करावी लागेल, वेळ जाईल.” आम्ही बायोप्सीचा मेणातला ब्लॉक मागून घेतला आणि लॅबला पाठवला. रॅसमध्ये बिघाड निघाला. ते इंजेक्शन त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं. पैसे वाचले, याहून मोठी गोष्ट म्हणजे उरलेले महिने चुकीच्या औषधात गेले नाहीत.

औषधांच्या किमती हा दुसरा लढा, आणि तो जिंकता येतो हे याच राज्यात दिसलं आहे. 9 मार्च 2012 ला मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना निघाला. बायरचं सोराफेनिब महिन्याला सुमारे 2,80,000 रुपयांना होतं. नॅटकोला ते 8,880 रुपयांत विकायची मुभा मिळाली. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. सोराफेनिब यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरचं औषध. वर उल्लेख केलेलं रेगोराफेनिब त्याचंच भावंड, फरक एका फ्लोरिनच्या अणूचा. त्याच 2012 मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनीही कॅन्सरच्या तीन औषधांच्या किमती खाली आणल्या. त्यांच्या वडिलांनी, ख्वाजा अब्दुल हमीद यांनी, 1935 मध्ये मुंबईत ही कंपनी काढली होती. आपण या वारशाचा अभिमान मिरवतो. तो पुढे न्यायचा, तर मागणी नेमकी हवी.

माझी मागणी अशी. आतड्याचा कॅन्सर पसरलेला आढळला की रॅस आणि एमएमआर चाचणी सरकारी खर्चाने, न मागता व्हावी. क्षयरोगाच्या कार्यक्रमात गावातला बेडका जिल्ह्याला जातो, पेशंटला जावं लागत नाही. मेणाचा ब्लॉक तर बेडक्याहून टिकाऊ. तो का जाऊ नये? आजची महात्मा फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. तेव्हा नव्या गोष्टीची सुरुवात इथून होऊ शकते, हे सरकारला ठाऊक आहे.

आणि आपलं काम? मशिदींच्या कमिट्या आणि आपले ग्रुप जो पैसा गोळा करतात, त्यातला पहिला वाटा चाचणीला आणि नागपूरपर्यंतच्या प्रवासाला द्यावा. इंजेक्शनसाठी आवाहन करण्याआधी रिपोर्ट मागावा. संशय म्हणून नव्हे, पेशंटच्या भल्यासाठी. प्रत्येक तालुक्यात चार-दोन शिकलेल्या मुलामुलींनी रिपोर्ट वाचायला शिकावं आणि डॉक्टरांपुढे पेशंटसोबत बसून तीन प्रश्न विचारावेत: चाचणीत काय निघालं? या औषधाने किती फायदा अपेक्षित आहे? यकृतातली गाठ ऑपरेशनने काढता येईल का? कारण पसरलेल्या आजारातही काही जण त्या ऑपरेशनने बरे होतात. ही मदत बंगाली, माडिया, मराठी, सगळ्यांसाठी असावी; गाठ जात विचारत नाही.

शेवटचं, आणि सगळ्यांत स्वस्त. संडासातून रक्त, पोटाची बदललेली सवय, विनाकारण उतरणारं वजन यांपैकी काहीही काही आठवडे टिकलं, तर वय तिशीचं असलं तरी तपासून घ्या, आणि घरातल्या मोठ्यांनाही घेऊन जा. पहिल्या टप्प्यात सापडलेली गाठ ऑपरेशनने जाते, आणि तेव्हा यातलं एकही महागडं इंजेक्शन लागत नाही.